शेवटची स्लेज यायची आहे

इडिटारॉड या कुत्र्यांच्या स्लेजच्या, म्हणजे बर्फावरच्या घसरगाड्यांच्या, शर्यतीचा विजेता नोम गावात पोहोचतो त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष तिथे असतं. फ्रंट स्ट्रीटवर ट्रकने आणून बर्फ पसरलेला असतो, दोन्ही बाजूंच्या कठड्यांना खेटून माणसं उभी असतात, गावाचा भोंगा वाजतो, कुत्री लाकडी कमानीखाली येतात आणि विजेत्यापुढे माईक सरसावतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत बातम्या येत राहतात. मग त्या थांबतात. शर्यत मात्र अजून चालूच असते, आणि मला ओढ असते ती या मागच्या दिवसांची. त्यातही अगदी शेवटच्या दिवसाची.

अलास्कातली ही शर्यत मार्चच्या पहिल्या शनिवारी अँकरेजमधून निघते. शनिवारी नुसती मिरवणूक, घड्याळ लावून खरी सुरुवात रविवारी विलोहून. बर्फ पुरेसा पडला नसेल तर ती सुरुवात उत्तरेला फेअरबँक्सला हलवतात. २०२५ मध्ये तसंच करावं लागलं. एरवी अलास्का पर्वतरांग ओलांडायची, युकॉन नदीच्या गोठलेल्या पात्रावरून जायचं, बेरिंग समुद्राचा किनारा धरायचा आणि नोम गाठायचं. कमानीवर १,०४९ मैलांचा आकडा कोरलेला आहे. हजाराच्या वर मैल, आणि अलास्का अमेरिकेचं ४९वं राज्य म्हणून वरचे ४९. किलोमीटरमध्ये साधारण १,६९०. मार्गानुसार प्रत्यक्ष अंतर थोडं कमीजास्त होतं, पण तेवढ्या चालीनंतर कुणी दहा-वीस मैलांचा हिशोब करत नसावं.

हल्ली प्रत्येक स्लेजवर जीपीएस असतं, त्यामुळे घरबसल्या नकाशावर सगळ्यांची चाल दिसते. मार्चच्या मध्यावर आपण नोमच्या साडेतेरा तास पुढे असतो. आपली सकाळची कामं उरकत येतात तेव्हा तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. विजेता पोहोचून कित्येक दिवस झालेले, आणि नकाशावर किनाऱ्यालगत दोन-तीन आकडे अजून सरकत असतात. त्यातला एखादा आकडा तासन्‌तास जागचा हलत नाही. तो झोपलाय, की वाट चुकलाय, की वादळात अडकलाय? पडद्यावरून काहीच कळत नाही. अशा वेळी मी दर थोड्या वेळाने जाऊन बघत राहते.

शेवटचा टप्पा सोपा असेल असं वाटतं. डोंगर मागे पडलेले, नदी संपलेली, गाव जवळ आलेलं. पण किनाऱ्यावरची ही वाट अनुभवी माणसालाही घाबरवते. व्हाइट माउंटन या गावी प्रत्येकाला सक्तीने आठ तास थांबावं लागतं, मग तो पहिला असो नाहीतर शेवटचा. तिथून नोम ७७ मैल, म्हणजे १२४ किलोमीटर. मध्ये टॉपकॉकचे उघडे टेकाड चढून उतरायचं आणि मग समुद्रालगतच्या सपाटीवर यायचं. तिथे डोंगरातल्या खिंडीतून वारा असा सुटतो की मशर लोकांनी त्या जागेचं नावच ब्लोहोल ठेवलंय. स्लेज हाकणाऱ्याला तिकडे मशर म्हणतात. दोन पावलांवर आकाश निरभ्र असावं आणि इथे आपल्याच पुढचं कुत्रं दिसू नये, असा तो पट्टा. त्याच्यापुढे सेफ्टी नावाचं एकच घर. तिथे थांबून छातीवर आपला नंबर बांधायचा आणि उरलेले २२ मैल नोमपर्यंत जायचं.

या पट्ट्याने किती जणांची स्वप्नं उडवली, त्यातलं २०१४ सालचं उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. जेफ किंग चार वेळा जिंकलेला, त्या वर्षीही सगळ्यांत पुढे. सेफ्टीच्या अलीकडे वाऱ्याने त्याला वाटेवरून ढकललं आणि त्याने मदत मागून माघार घेतली. दुसरी होती अॅली झर्कल. ती सेफ्टीला पोहोचली आणि वारा बघून तिथेच थांबली. तिसरा डॅलस सीवी. तो सेफ्टीहून तसाच पुढे निघाला. पुढचे दोघंही आता पुढे नाहीत याचा त्याला पत्ताच नव्हता. आपण तिसऱ्या नंबरसाठी धडपडतोय आणि मागे लुकलुकणारा दिवा आपल्या वडिलांचा आहे, असं त्याला वाटत होतं. तो दिवा होता झर्कलचा. नोममध्ये त्याला सांगावं लागलं की तू जिंकलायस, अवघ्या दोन मिनिटं बावीस सेकंदांनी.

ही पुढच्यांची गोष्ट. मागच्यांसाठी वारा तोच असतो, पण अंगातलं बळ संपत आलेलं असतं आणि वाट बघणाऱ्यांची गर्दी पांगलेली असते. २०२० मध्ये नोमच्या अलीकडे तीन मशर पाण्यात भिजून अडकले आणि त्यांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. २०२२ मध्येही मागच्या फळीतल्या काही जणांना वादळाने गावाच्या इतक्या जवळ आणून बाहेर काढलं. हजार मैल चालून आल्यावर शेवटच्या पन्नास मैलांत शर्यत सोडायची, याचं दुःख काय असेल ते मला नीटसं सांगताही येणार नाही. पण सोडणाऱ्यांनी ती कुत्र्यांसाठी सोडली, हे बहुतेक वेळा खरं असतं, आणि त्याबद्दल त्यांना जिंकणाऱ्याइतकाच मान मिळायला हवा असं माझं मत आहे.

आता नोमच्या कमानीवरच्या दिव्याबद्दल सांगते.

शर्यत सुरू होते त्याच दिवशी नोमच्या कमानीला एक दिवा लावून टांगतात. विडोज लॅम्प, म्हणजे विधवेचा दिवा, म्हणतात त्याला. पूर्वी विमानं नव्हती तेव्हा टपाल, सामान, औषधं सगळं कुत्र्यांच्या स्लेजवरून जायचं. वाटेवर ठिकठिकाणी मुक्कामाची घरं असत. अमुक माणूस स्लेज घेऊन निघालाय असा निरोप आला की त्या घराबाहेर रॉकेलचा कंदील लावायचे. अंधारात, बर्फात त्याला घर सापडावं म्हणून, आणि वाटेवर कुणीतरी आहे हे बाकीच्यांनाही कळावं म्हणून. तो माणूस सुखरूप पोहोचेपर्यंत कंदील मालवायचा नाही. इडिटारॉडने तीच रीत उचलली. विजेता आला तरी दिवा तसाच राहतो. दहावा आला, विसावा आला, तरी तसाच. शेवटचा मशर येतो आणि तो दिवा स्वतःच्या हाताने मालवतो. तेव्हा कुठे शर्यत अधिकृतपणे संपते. त्या शेवटच्याला बक्षीस म्हणून लाल कंदील मिळतो. रेड लॅन्टर्न. आधी त्यात थट्टा होती, हळूहळू ती गेली. आज तो चिकाटीचा मान समजला जातो.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बाबांची आठवण झाली. ते रेल्वेत स्टेशन मास्तर होते, भुसावळकडच्या लहान लहान स्टेशनांवर. न थांबणारी गाडी जायची असली की ते प्लॅटफॉर्मवर येऊन उभे राहायचे. आम्ही मुलं इंजिनाकडे बघायचो. बाबांचे डोळे मात्र गाडीच्या शेपटाला लागलेले असायचे. शेवटच्या डब्यामागे दिवसा ‘एलव्ही’ लिहिलेली पाटी असते आणि रात्री लाल दिवा. तो दिसला म्हणजे गाडी पुरती आली, मधूनच तुटून एखादा डबा मागे रुळावर राहिलेला नाही. इंजिन कितीही वेळेवर गेलं तरी शेवटचा दिवा दिसल्याशिवाय बाबा मागच्या स्टेशनला कळवायचे नाहीत. गाडी म्हणजे इंजिन, अशी माझी तोवरची समजूत होती. बाबांच्या लेखी शेवटच्या डब्यापर्यंत सगळी मिळून गाडी. नोमच्या लोकांनी शर्यतीला नेमकं तेच लागू केलंय, आणि म्हणून त्या अनोळखी, गोठलेल्या गावाबद्दल मला इतकी आपुलकी वाटते.

ही शर्यत कुणी आणि का सुरू केली तेही इथे सांगायला हवं, कारण शेवटच्याला एवढा मान का, याचं मूळ मला तिथे दिसतं. १९२५ च्या हिवाळ्यात नोममध्ये घटसर्प पसरला होता आणि वीस मशरांनी हातोहात त्यावरचं औषध, प्रतिविष, नेनानाहून ६७४ मैलांवर पोहोचवलं होतं, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. बाल्टो आणि टोगो या कुत्र्यांची नावंही. त्या पराक्रमाची आठवण शर्यतीशी जोडली गेली आहे. पण शर्यत सुरू करणारे जो रेडिंग्टन, त्यांना खरी काळजी होती ती वेगळीच. साठच्या दशकात गावोगावी बर्फावर धावणारं स्नोमोबाइल आलं. घराघरापुढे कुत्र्यांचा ताफा असायचा, तो काही वर्षांत दिसेनासा झाला. पेट्रोलवर चालणारं यंत्र काम नसताना खायला मागत नाही. कुत्र्यांना वर्षभर मासे घालावे लागतात. हिशोब सरळ होता. त्या हिशोबात एक अख्खं कसब, एक अख्खी वाट बुडत चालली होती. डोरोथी पेज या बाईंना स्लेजच्या जुन्या वाटेवर शर्यत भरवायची कल्पना सुचली होती, रेडिंग्टन यांनी ती उचलून धरली, आणि १९७३ मध्ये पहिल्यांदा अँकरेज ते नोम अशी शर्यत झाली.

तेव्हा ३४ जण निघाले, २२ पोहोचले. डिक विल्मार्थ जिंकला, त्याला वीस दिवस लागले. शेवटचा जॉन शुल्झ बत्तीस दिवसांनी आला. म्हणजे विजेत्यानंतर बारा दिवस हा माणूस वाटेवर होता. शर्यत जिंकण्यासाठी तो एवढे दिवस चालत राहिला असणं शक्यच नाही. रेडिंग्टन यांना शर्यतीतून जे टिकवायचं होतं ते, माझ्या मते, शुल्झच्या त्या बारा दिवसांत होतं: कुत्र्यांना घेऊन लांबचा पल्ला गाठता येणं आणि सगळ्यांनी मिळून पोहोचणं. स्वतः रेडिंग्टन ही शर्यत कधीच जिंकले नाहीत. १९९७ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनी ती पुन्हा पूर्ण केली. दोन वर्षांनी ते गेले. त्यांचा नातू रायन २०२३ मध्ये जिंकला.

आता वेग फार वाढलाय. मिच सीवीने २०१७ मध्ये आठ दिवस साडेतीन तासांच्या आसपास नोम गाठलं. हल्ली लाल कंदील मिळणाराही १९७३ च्या विजेत्याच्या कितीतरी आधी पोहोचतो. वाट चांगली आखलेली असते, कुत्र्यांचा आहार आणि विश्रांती यांचा अभ्यास झालाय, स्लेज हलक्या झाल्यात. चुरसही पूर्वीपासून आहेच. १९७८ मध्ये डिक मॅकी आणि रिक स्वेन्सन फ्रंट स्ट्रीटवर जवळजवळ बरोबरीने आले आणि मॅकी एका सेकंदाने जिंकला, तेही त्याच्या पुढच्या कुत्र्याचं नाक रेषेपलीकडे आधी गेलं म्हणून.

शेवटच्या स्लेजच्या मशरला हा असला हिशोब नसतो. पहिल्या विसांत बक्षिसाची रक्कम वाटतात. त्यामागे येणाऱ्या प्रत्येकाला बरीच वर्षं १,०४९ डॉलर देण्याची पद्धत आहे, मैलाला एक. वर्षभर कुत्री पोसण्याच्या खर्चापुढे ते काहीच नाहीत. पहिल्यांदाच शर्यत पूर्ण करणाऱ्याला पट्ट्याचं एक बकल मिळतं. त्या बकलासाठी माणसं घरदार गहाण टाकल्यासारखी राबतात.

शेवटच्या मुक्कामावरचं त्यांचं काम मी चित्रफितींत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. स्लेज थांबली की आधी लोखंडी आकडा बर्फात पायाने दाबून रोवायचा, नाहीतर कुत्री मशरला तिथेच सोडून पुढे जातील. हो, एवढं अंतर धावूनही त्यांना पुढे जायचं असतं. मग मुख्य दोरीला जोडलेल्या ओढीच्या दोऱ्या सैल करायच्या. मग हातमोजे काढून उघड्या बोटांनी प्रत्येक कुत्र्याचे कापडी बूट उतरवायचे. शर्यतीला सोळा कुत्री घेऊन निघायची मुभा असते. दमलेली, दुखावलेली वाटेत पशुवैद्यांच्या हवाली केली जातात आणि विमानाने परत येतात. नोमला पोहोचताना निदान पाच दोरीवर असावी लागतात. समजा दहा उरली, तर चाळीस बूट. ओल्याने त्यांच्या पट्ट्या घट्ट गोठलेल्या असतात. मशर गुडघ्यांवर बसून एकेक पंजा तळहातावर घेतो, बोटांच्या मधल्या जागा फाकवून बघतो, मलम चोळतो. कुत्रं दुसरीकडे तोंड करून उभं असतं, लहान मूल नखं कापून घेताना असतं तसं. त्यानंतर गवताची गादी, बर्फ वितळवून केलेलं गरम पाणी, त्यात मांस. सगळी कुत्री जेवून, नाकावर शेपटी घेऊन गोल झोपली की मग माणसाचं जेवण. तेही झालं तर. मशरच्या झोपेला उरतात एखाद-दोन तास.

तर अशी ती शेवटची स्लेज नोमकडे येते. गाव दोन मैलांवर आलं की भोंगा वाजतो. पहिल्यासाठी वाजला तसाच, तेवढाच. बाहेरगावचे पाहुणे बहुतेक परत गेलेले असतात, पण गावकरी कामं सोडून रस्त्यावर येतात. आधी पोहोचलेले काही मशरही असतात. त्या वाऱ्यातून येणं म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? मुलं कठड्यावर चढतात. स्लेज कमानीखाली थांबते, आणि मला फार आवडते ती गोष्ट आता होते. परीक्षक स्लेजची पिशवी उघडायला सांगतो. कुऱ्हाड आहे का? झोपायची पिशवी? बर्फावर चालायची जाळीदार पादत्राणं? चूल आणि भांडं? प्रत्येक कुत्र्यासाठी जादा बूट? पशुवैद्यांच्या सह्या असलेली वही? टपालाचं पाकीट? होय, टपालही असतं. जुन्या टपालवाल्यांची आठवण म्हणून प्रत्येक मशर नोमपर्यंत पत्रांचा गठ्ठा वाहून नेतो. शेवटचा आलाय, दमलाय, जाऊ दे आता, असं कुणी म्हणत नाही. त्याची तपासणी पहिल्यासारखीच होते आणि त्याचं नाव पहिल्यासारखंच वहीत चढतं. त्याला दिलेला यापेक्षा मोठा मान मला सुचत नाही. लाडाने पाठ थोपटण्यापेक्षा नियम लावणं हे बरोबरीने वागवणं आहे.

मग मशर दोरीच्या कडेने चालत जातो. स्लेजलगतच्या दणकट जोडीपासून सुरुवात, मग मधली, मग सगळ्यांत पुढची. प्रत्येकाच्या कानामागे हात. पुढच्या कुत्र्याशी तो जास्त वेळ बसतो, कारण वाऱ्यात माणसाला वाट दिसत नव्हती तेव्हा ती त्या कुत्र्याला सापडली होती. त्यानंतर दिवा. फुंकर मारायला फार वेळ लागत नाही. टाळ्या होतात, फोटो होतात, कुणीतरी हातात गरम कप देतं.

मी हे सगळं प्रेमाने लिहितेय, म्हणून दुसरी बाजू टाळून चालणार नाही. २०२४ च्या शर्यतीत तीन कुत्री मेली. प्राणिहक्कवाले ही शर्यत बंद करा म्हणतात आणि त्यांचं म्हणणं मला झटकून टाकता येत नाही. कुत्र्यांना धावायची हौस असते हे खरं. सुरुवातीच्या रेषेवर ती कशी उसळतात हे पाहिलेल्या कुणालाही ते पटेल. पण हौस आहे म्हणून धोका नाही असं होत नाही, आणि थांबायचं कधी हे कुत्रं ठरवत नाही, माणूस ठरवतो. शर्यतीआधी कुत्र्यांच्या हृदयाची आणि रक्ताची तपासणी होते, प्रत्येक मुक्कामावर पशुवैद्य असतात, सक्तीच्या विश्रांती आहेत: एक चोवीस तासांची, दोन आठ-आठ तासांच्या. हे पुरेसं आहे का? मला वाटतं, अजून वाढवायला हवं. विक्रम मोडण्याची चढाओढ थोडी कमी झाली तर या शर्यतीचं काही बिघडणार नाही. उलट रेडिंग्टन यांना जे वाचवायचं होतं त्याच्या ती जवळ जाईल. मागच्या फळीतले मशर जास्त थांबतात, कुत्र्यांना जास्त झोपू देतात, आणि त्यांचीही हीच शर्यत पूर्ण होते. आयोजकांनी शिकायचं असेल तर त्यांच्याकडून शिकावं.

दिवा मालवल्यानंतरची आवराआवर फारशी कुणी लिहून ठेवत नाही. कुत्री गवतावर झोपतात, पशुवैद्य पुन्हा एकदा त्यांचे पंजे आणि सांधे बघतात. नोमला बाहेरून रस्ता नाही, त्यामुळे सगळा ताफा पिंजऱ्यांतून विमानाने परत जातो. ज्या वाटेला दिवसच्या दिवस लागले ती काही तासांत पायाखालून निघून जाते. कमान फ्रंट स्ट्रीटवरून हलवली जाते, पसरलेला बर्फ उचलला जातो, मोटारी पुन्हा सुरू होतात. जूनच्या अखेरीस वसिलातल्या मुख्यालयात स्वयंसेवकांचा मेळावा भरतो आणि पुढच्या वर्षीची नावं घ्यायला सुरुवात होते. ती यादी आली की मी वरची नावं नंतर वाचते. आधी शोधते ते गेल्या मार्चमध्ये दिवा मालवणाऱ्याचं नाव.